सरड्यांच्या खाद्यासाठी झुरळं: भीती कशाची, काळजी कशाची

अमेरिकेत बिअर्डेड ड्रॅगन किंवा लेपर्ड गेको हे सरडे पाळणाऱ्या अनेक घरांत प्लास्टिकचा एक मोठा डबा असतो. आत पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे उभे रचलेले आणि त्यांच्या खाचाखाचांत शेकडो झुरळं. ‘ही घरभर पसरली तर?’ असं बघणाऱ्याच्या मनात येणं साहजिक आहे.

पण ही ड्युबिया झुरळं, मूळची दक्षिण अमेरिकेतली. जगात झुरळांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती आहेत आणि माणसाच्या घरात ठाण मांडणाऱ्या त्यातल्या जेमतेम तीसेक. ड्युबियाला गुळगुळीत प्लास्टिकवर चढता येत नाही. मादीच्या पंखांचे नुसते खुंट असतात, आणि नर पूर्ण पंख असूनही फार तर फडफडत खाली उतरतो. वीण नीट चालायला साधारण 28 ते 32 अंश सेल्सिअसची ऊब लागते. थंड, कोरड्या घरात निसटलेलं एखादं झुरळ वंश वाढवू शकत नाही.

हा निर्वाळा सरसकट सगळ्या जातींना देता येत नाही. तुर्कस्तानी झुरळंही खाद्य म्हणून विकली जातात. ती 1978मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा आढळली आणि आज अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात घराबाहेरचा उपद्रव होऊन बसली आहेत. फ्लोरिडाच्या उष्ण, दमट हवेत ड्युबियाही विनापरवाना ठेवता येत नाही. त्यामुळे पाळण्याआधी जात कोणती आणि आपल्याकडची हवा कशी, हे पाहायलाच हवं.

‘कोपऱ्याकोपऱ्यात अंडी घालतील’ ही भीतीही ड्युबियाला लागू पडत नाही. तिची मादी अंड्यांची पिशवी काही वेळ शरीराबाहेर काढते आणि पुन्हा आत ओढून घेते. पुढची वाढ पोटातच होते आणि बाहेर येतात ती थेट वीस-तीस जिवंत पिल्लं. ट्रेमध्ये अधूनमधून एखादं दुधासारखं पांढरं झुरळ दिसतं. ते रोगट आहे असं समजून नवखे ते फेकून देतात. खरं तर त्याने नुकतीच कात टाकलेली असते. काही तासांत ते कडक होतं आणि मूळ तपकिरी रंगावर येतं.

डब्याला वास येतो तो ओल, कुजलेली फळं आणि मेलेली झुरळं तशीच राहिल्यामुळे. हवा खेळती ठेवली आणि उरलेलं गाजर-संत्रं वेळेवर काढलं, तर वास जवळपास येतच नाही.

धोका आहे तो वेगळाच, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांच्या धुळीने ॲलर्जी होते, दमाही बळावतो. डबा साफ करताना मास्क आणि हातमोजे हवेतच. घरात दम्याचा रुग्ण असेल तर हा उद्योग करूच नये.

‘भरपूर प्रथिनं दिली की झुरळ पौष्टिक होतं’ या समजुतीपायी काही जण त्यांना नुसतं मांजराचं खाद्य घालतात. जादा प्रथिनांतला नायट्रोजन झुरळाच्या शरीरात यूरिक आम्ल होऊन साठतो आणि तो सरड्याच्या पोटात जातो. त्यापेक्षा भाज्या, फळं आणि ओट्सचा भरडा बरा. झुरळात कॅल्शियमही कमीच असतं, म्हणून खायला देण्याआधी त्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरवावी लागते.

घरातली मोरीवरची झुरळं पकडून सरड्याला कधीही घालू नयेत; त्यांच्या अंगात कीटकनाशक असू शकतं. आणि ड्युबिया फार झाली म्हणून बाहेर सोडू नयेत. दुसऱ्या सरडे पाळणाऱ्याला द्यावीत, नाहीतर बंद पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि मगच टाकावीत.