समुपदेशनातील विषमता

धाराशिव तालुक्यातील येडशी हे गाव रामलिंगाच्या देवस्थानामुळे व सोलापूर-धुळे महामार्गामुळे सर्वपरिचित आहे. तेथील शेती मात्र मराठवाड्यातील बहुतेक गावांप्रमाणे पावसाच्या लहरीवर विसंबून आहे. नापिकी व कर्ज यांनी खचलेल्या शेतकऱ्यास मानसिक आधार मिळावा, यासाठी राज्य शासनाने २०१५ साली चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ हाती घेतला. धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) हा त्यांपैकी एक जिल्हा होय. आशा स्वयंसेविकेने घरोघर जाऊन खिन्नतेची लक्षणे हेरावीत आणि गरजूंना समुपदेशनाची वाट दाखवावी, अशी ही योजना.

योजना स्तुत्य आहे. तथापि समुपदेशन हा दोन समान व्यक्तींमधील संवाद असतो, हे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. आशा त्याच गावची रहिवासी असावी, असा निवडीचा निकष आहे. त्यामुळे तिला घराघरांत सहज प्रवेश मिळतो. परंतु तीच कोणाची जाऊ, कोणाची भावजय असते. सासरचा जाच तिच्यापाशी सांगण्यास सून कचरते. दलित वा पारधी वस्तीत उंबऱ्याबाहेर उभे राहून, पाण्याचा पेला नाकारून प्रश्न विचारले गेले, तर कागद तेवढा भरतो. ‘झोप लागते का?’ या प्रश्नास ‘लागते’ एवढेच उत्तर येते.

आत्महत्या घडलेल्या घरी तर परिस्थिती अधिकच नाजूक असते. २००६ च्या शासन निर्णयानुसार एक लाख रुपयांच्या साहाय्यासाठी शेतजमीन, थकीत कर्ज व परतफेडीचा तगादा यांची शहानिशा होते आणि प्रकरण पात्र की अपात्र, हे जिल्हास्तरीय समिती ठरविते. विधवेच्या लेखी तलाठी, पोलीस पाटील व समुपदेशक ही सारी सरकारचीच माणसे! पतीचे व्यसन किंवा घरातील कलह बोलून दाखविला तर मदत बुडेल, या धास्तीने ती दुःख गिळून टाकते. ज्याच्या घराण्याच्या नावे सातबाराच नाही, असा भूमिहीन मजूर या चौकटीबाहेरच राहतो. चौकशी करणारा व धीर देणारा ही माणसे निराळी असावीत आणि तसे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले जावे, हे म्हणूनच अगत्याचे आहे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने जात, धर्म, लिंग, वर्ग आदी कारणांवरून उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली असून रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. दूरध्वनीवर समोरच्याची जात दिसत नाही, हा त्याचा मोठाच लाभ. पण कित्येक घरांतील एकुलता फोन पुरुषाच्या खिशात असतो. शाळेतील वा ग्रामपंचायतीतील एखादी खोली, आतून कडी लागणारी, फोनसह आठवड्यातून काही तास मोकळी ठेवणे पंचायतीस अवघड नाही. तेथे कोण येऊन गेले, याची नोंद मात्र कोणत्याही वहीत नसावी.