भाषाकुळाचे वय आणि वृत्तपत्रांचे मथळे

संस्कृत, पालि, मराठी, फारसी, ग्रीक, इंग्रजी या भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातील होत. त्या कुळाची आदिभाषा केव्हा व कोठे बोलली जात होती, याविषयी विद्वानांत अद्याप मतैक्य नाही. लोकप्रिय विज्ञानवृत्तांत मात्र हा प्रश्न दर काही वर्षांनी कायमचा सुटतो!

२०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रोगाचा विषाणू कोठून पसरला हे शोधण्याची गणिती पद्धती १०३ भाषांच्या मूलभूत शब्दांना लावून, आदिभाषा अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सुमारे ८००० ते ९५०० वर्षांपूर्वी बोलली जात असावी, असे अनुमान त्यात होते. बातम्यांतून ‘असावी’चे ‘होती’ झाले. २०१५ मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात चँग, गॅरेट आदी अभ्यासकांनी त्याच जातीच्या पद्धतीने सुमारे ५५०० ते ६५०० वर्षे हा काळ काढला. २०२३ मध्ये पुन्हा ‘सायन्स’मध्ये १६१ भाषांच्या आधारे सुमारे ८१०० वर्षे!

पद्धती एकाच जातीची असता एवढे अंतर का पडावे? मुख्य कारण गृहीतकात आहे, आणि नेमके तेच बातमीत येत नाही. २०१५ च्या अभ्यासाने वैदिक संस्कृत ही आजच्या भारतीय-आर्य भाषांची थेट माता मानली. तसे मानले की तिच्यापासून आजपर्यंतचा सर्व बदल सुमारे तीन हजार वर्षांत बसवावा लागतो. साहजिकच बदलाची गती वाढते आणि आदिभाषेचे वय घटते. २०२३ च्या अभ्यासाने ही अट घातली नाही.

येथे पालिचा वाचक काही सांगू शकतो. ‘येथे’ या अर्थी पालित ‘इध’ आहे, संस्कृतात ‘इह’. ‘ध’चा ‘ह’ होतो. उलट सहसा घडत नाही. इराणातील अवेस्ता भाषेतही या शब्दात ‘ह’ नसून दंत्य व्यंजन आहे. म्हणजे या शब्दापुरते पालिचे रूप वैदिक रूपाहून जुने आहे, आणि पालि ही उपलब्ध वैदिक भाषेची सरळ कन्या नसून तिच्या निकटच्या एखाद्या बोलीची वारस ठरते. यामुळे २०१५ चे अनुमान खोटे ठरते असे नव्हे. चाकासाठीचे समान मूळचे शब्द त्याच्याच बाजूचे आहेत, कारण चाक साधारण इ.स.पू. ३५०० च्या सुमारास आढळू लागते. परंतु ‘संस्कृत सर्व भाषांची जननी’ हे वाक्य अशा बातम्यांना सहज चिकटवले जाते, ते या तिन्हींपैकी एकाही निबंधाचा निष्कर्ष नाही.