पाय उडतो, म्हणजे चालणार?

पाचोऱ्यात किंवा आसपासच्या खेड्यांत मणक्याला मार बसलेला माणूस ऑपरेशन होऊन घरी आला, की भेटायला येणारा जो तो दारातूनच विचारतो, “चालस का आते?” उत्तर ‘नाही’ आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: एवढा पैसा घातला, मग उपयोग काय झाला? महिना-दोन महिने जातात. एक दिवस घरातलं कुणी चादर ओढतं, टाचेला धक्का लागतो आणि रुग्णाचा गुडघा टणकन वर येतो. गल्लीभर बातमी होते की पाय हलला, आता हा चालणार. कुणी तेलाची बाटली घेऊन येतं, कुणी नस बसवून देणाऱ्याचा पत्ता. सगळं घर पायांच्या मागे लागतं आणि जे काम रोज, वेळच्या वेळी व्हायला हवं असतं ते मागे पडतं.

ही समजूत मी इतक्या घरांत ऐकली आहे की तिच्याबद्दल सविस्तरच लिहायला हवं. तिच्यापायी शेतं गहाण पडतात, पाठीला जखमा होतात आणि कधी कधी माणूसही जातो.

पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेले मणके. त्यांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत मज्जारज्जू उतरतो, जाडीला करंगळीएवढा. मेंदूचा हुकूम याच वाटेने खाली जातो आणि अंगाची जाणीव याच वाटेने वर येते. उन्हाळ्यात धाब्यावर झोपलेला माणूस झोपेत खाली पडतो, शेळ्यांसाठी लिंबाचा पाला तोडताना फांदी मोडते, विहिरीत उतरताना दोर सुटतो, मोटारसायकल घसरते. मणका फुटतो आणि त्याखाली रज्जू चेंगरतो. सर्जन रॉड आणि स्क्रू टाकून मणका स्थिर करतो, रज्जूवरचा दाब काढतो. हे आवश्यकच असतं, कारण त्यामुळे आणखी इजा टळते आणि रुग्णाला लवकर उठवून बसवता येतं. पण रज्जूतले तुटलेले तंतू कुठल्याही टाक्याने जुळत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीचा वाकलेला पाइप सरळ केला म्हणून आत तुटलेली केबल जोडली जात नाही, तसंच हे आहे. ऑपरेशन उत्तम होऊनही पाय उचलले जात नाहीत, तेव्हा सर्जन चुकलाच असं समजायचं कारण नाही. रुग्ण प्रयत्न करत नाही, असं तर मुळीच नाही.

मग तो गुडघा वर आला कसा?

दुखापतीनंतर काही दिवस, कधी काही आठवडे, इजेच्या खालचा रज्जू जणू बंद पडतो आणि पाय लुळे राहतात. पुढे तो खालचा भाग जागा होतो, पण मेंदूशी त्याचा संबंध तुटलेलाच असतो. टाचेला स्पर्श झाला की तिथली संवेदना रज्जूच्या खालच्या भागात पोचते आणि तिथूनच स्नायूला परतीचा झटका मिळतो. मेंदूला याचा पत्ताच नसतो. त्याला आवर घालणारा वरचा लगाम सुटलेला असल्यामुळे तो झटका उलट जोरात बसतो. मूत्राशय भरलं, नळी मुडपली, कुठे जखम झाली, तरी पाय असेच उडतात. म्हणजे अचानक वाढलेले झटके पाहून पेढे आणण्याऐवजी आधी लघवीची नळी आणि पाठीची कातडी तपासायला हवी.

खरी हालचाल ओळखणं अवघड नाही. पायाला हात न लावता रुग्णाला अंगठा हलवायला सांगा. सांगितल्यावर हलला, थांब म्हटल्यावर थांबला, परत सांगितल्यावर परत हलला, तर तो मेंदूचा हुकूम आहे आणि ते त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं. डॉक्टर गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का आणि तिथला स्नायू आवळता येतो का, हेही पाहतात. घरच्यांना याची फार लाज वाटते. पण इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे सगळ्यात खात्रीने तिथेच कळतं. जगभर ‘ए’ ते ‘ई’ अशा पाच दर्जांत ही इजा मोजतात. तुमच्या माणसाचा दर्जा कोणता, हे कागदावर लिहून मागा. इजा अपूर्ण असेल तर बरीच ताकद परत येऊ शकते, काही जण खरोखर चालू लागतात. ही भर बहुतांशी पहिल्या सहा महिन्यांत पडते, त्यानंतर दीड-दोन वर्षांपर्यंत सावकाश. इजा पूर्ण असेल तर पाय परत येण्याची शक्यता फार कमी असते. हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं, आणि डॉक्टर सांगत नसतील तर घरच्यांनी विचारायला हवं.

आता ‘जिद्द’. “त्याच्यात जिद्दच नाही, नाहीतर उठला असता,” हे वाक्य आजारी माणसाच्या उशाशी बसून बोललं जातं तेव्हा माझा संयम सुटतो. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, तेही विश्वविक्रमासह. त्यांच्याइतकी जिद्द कुणाकडे असेल? तरी पाय पूर्वीसारखे झाले नाहीत. जिद्द त्यांनी हातांत आणली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी कमरेखालून अधू झाल्या आणि त्यांनी व्हीलचेअरवरूनच १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. या दोघांना ‘चालता का?’ एवढंच विचारलं असतं तर त्यांनी काय केलं, ते कळलंच नसतं.

पायांमागे लागल्याने नेमकं काय होतं, तेही पाहू. अंगाला हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण कोणतंही तेल मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. पोटरी जोराने रगडली तर ती गुठळी सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकते आणि माणूस मिनिटांत जातो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर मालिश थांबवा आणि दवाखाना गाठा. तापलेल्या विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक तर नकोच. जाणीव नसलेल्या कातडीला भाजल्याचं कळत नाही, फोड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. न वापरलेली हाडं ठिसूळ होतात, म्हणून गुडघा जबरदस्तीने वाकवला तर मांडीचं हाड मोडतं. सांधे आखडू नयेत म्हणून रोज हलवायचे असतात, पण सावकाश आणि फिजिओथेरपिस्टने दाखवलंय तसेच.

सगळ्यात महाग पडते ती ‘स्टेम सेल’ची सुई. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी स्टेम सेलचा वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. मज्जारज्जूच्या इजेसाठी पैसे घेऊन ही सुई देणारा तुमच्या घरावर प्रयोग करतोय. संशोधन थांबलेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली कण्यात इलेक्ट्रोड बसवून, महिनोन्‌महिने सराव घेऊन काही रुग्णांना पावलं टाकायला लावली. पण ते मोजके रुग्ण होते, प्रयोगशाळेतल्या देखरेखीखाली. पाचोऱ्याला कुणी पत्रक वाटून ते देऊ शकत नाही.

मग घरच्यांनी करायचं काय? कातडी, लघवी आणि शौच सांभाळायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक दाबाच्या जखमा आणि लघवीच्या संसर्गाने काही महिन्यांत मरत. १९४४ साली इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गटमन यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम घातला, मूत्राशयाची शिस्त लावली, सैनिकांना खेळायला लावलं, आणि माणसं जगू लागली. त्या खेळांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आपल्या घरात हाच नियम पाळायला फक्त एक घड्याळ आणि दोन-तीन माणसांची पाळी लागते.

‘बेडसोअर होणारच’ हेही खोटं. रोज सकाळ-संध्याकाळ माकडहाड, कुल्हे आणि टाचा पाहायच्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून बोटांनी चाचपायचं. आजूबाजूपेक्षा गरम, घट्ट किंवा गिळगिळीत लागलं तर ती जखमेची सुरुवात आहे. त्या जागेवर भार द्यायचा नाही. तिथे खोबरेल चोळायचंही नाही. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं सुटत नाही. व्हीलचेअरवर बसलेल्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर उचलून किंवा पुढे वाकून एक-दोन मिनिटं बुड मोकळं करायचं.

लघवीसाठी कायमची नळी हाच एक मार्ग नाही. दर चार ते सहा तासांनी स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची, हे हात चांगले असलेला रुग्ण स्वतः शिकतो. ‘पाणी कमी पाजा, म्हणजे ओलं होणार नाही’ हा सल्ला खडे आणि संसर्ग घेऊन येतो. खान्देशच्या उन्हात तर तो जीवघेणाच ठरतो. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर असेल तर खालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि शरीर तापतच जातं. पत्र्याच्या खोलीत अशा माणसाला दुपारी ठेवू नका. ओली फडकी, पंखा आणि सावली हवीच.

याच रुग्णांत आणखी एक धोका असतो. एकाएकी डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, वरच्या अंगाला घाम फुटतो, रक्तदाब भडकतो. याला दृष्ट लागणं समजून मीठ-मोहरी ओवाळत बसू नका. त्याला आडवं न करता उठवून बसवा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का पाहा, मूत्राशय रिकामं करा. कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. तरी दोन-चार मिनिटांत उतार पडला नाही तर लगेच दवाखाना.

‘त्याला काही करू देऊ नका’ ही माया मला समजते, पण ती त्याचे उरलेले हातही काढून घेते. दाढी, जेवण, कपडे, खाटेवरून खुर्चीवर सरकणं, घरचा हिशोब, हे त्याचं त्याला करू द्या, वेळ लागला तरी. हे शिकवणाऱ्या जागा आहेत. मुंबईला हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. सैनिकांसाठी पुण्यात खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. आणि बायको किंवा आई एकटी रात्रीचे सगळे गजर सांभाळत असेल, तर तिच्या झोपेची पाळीही ठरवा. उचलून उचलून तिचीही कंबर जाते.

बाकीचे समज थोडक्यात. अपघातानंतर उठवून बसवून पाणी पाजायचं? नाही. हात-पाय धरून उचलायचंही नाही, मान-पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यायचं आणि १०८ला फोन करायचा. आता मूल होणार नाही? बाईची पाळी बहुधा काही महिन्यांत पूर्ववत होते आणि गर्भ राहू शकतो. पुरुषाला वैद्यकीय मदतीने बाप होता येतं. शौचावर ताबा नाही म्हणून कायम डायपर? रोज ठरावीक वेळी, जेवणानंतर, शिकवलेल्या पद्धतीने बसवलं तर पोट वेळेवर साफ होण्याची सवय लागते.

शेवटचा समज नोकरीचा, आणि तो मी पुन्हा पुन्हा ऐकतो: आता याच्याकडून काम होणार नाही, राजीनामा देऊन टाकू. सरकारी नोकरी असेल तर असं काही लिहून देऊ नका. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २०नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. तेही नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवावं लागतं. शेतकरी, मजुरांसाठी संजय गांधी निराधार योजना आहे आणि तिचा अर्ज तहसील कार्यालयात जातो. त्याआधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. दिव्यांग सवलतीचा रेल्वेचा दाखला वेगळा घ्या. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सूट मिळते, आणि पाचोऱ्याहून मुंबईला तपासणीसाठी वर्षातून दोनदा जायचं तर ती सूट लागतेच.