रेझांग ला : शौर्य निर्विवाद, आकडे वादग्रस्त

मानेसर : दिल्लीहून येताना मानेसरच्या अलीकडे खेडकी दौला लागते. स्वतंत्र अहीर रेजिमेंटच्या मागणीसाठी फेब्रुवारी २०२२ मध्ये येथेच धरणे सुरू झाले. या मागणीचा भावनिक आधार आहे रेझांग ला. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी चुशूलच्या रक्षणार्थ लढलेल्या १३ कुमाऊंच्या ‘चार्ली’ कंपनीतील बहुसंख्य जवान याच अहिरवालातील, म्हणजे गुडगाव-रेवाडी-महेंद्रगड पट्ट्यातील होते.

मेजर शैतानसिंग यांच्या सुमारे १२० जणांच्या या कंपनीला मधल्या डोंगरामुळे तोफखान्याची मदत मिळू शकत नव्हती. शंभराहून अधिक जवान धारातीर्थी पडले. बचावलेल्या मूठभरांनी शेवटच्या गोळीपर्यंत लढल्याचे सांगितले, तेव्हा त्यावर चटकन कोणी विश्वास ठेवला नाही. १९६३ च्या आरंभी मोर्च्यांमध्येच, हाती शस्त्रे असलेले गोठलेले मृतदेह सापडले आणि शंका मिटली. शैतानसिंग यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

मिटला नाही तो शत्रूच्या हानीचा वाद. रेवाडीचे स्मारक १,३०० चिनी सैनिक मारल्याचे सांगते. चीनचा संपूर्ण युद्धातील मृतांचा आकडाच ७२२ आहे. अर्थात बीजिंगचा हिशेबही प्रमाण मानता येत नाही. जून २०२० मध्ये गलवानमधील आपले २० हुतात्मे भारताने लगेच जाहीर केले. चीनला चार मृत्यू मान्य करण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडावे लागले.

सीमेवरील लढायांचे बहुधा असेच होते. २१ मार्च १९६८ रोजी जॉर्डन नदीपलीकडील करामे येथे इस्रायली फौजा घुसल्या. मोहीम फत्ते झाल्याचे इस्रायलने म्हटले, शत्रूला पिटाळल्याचे जॉर्डनच्या सैन्याने. आणि श्रेय घेऊन मोठी झाली ती यासर अराफत यांची फतह संघटना.

पुराव्याचे दरवाजे सरकारनेच बंद ठेवल्यावर दंतकथांना दोष कसा द्यावा? बासष्टच्या पराभवावरील हेंडरसन ब्रूक्स अहवाल आजही अधिकृतपणे खुला नाही. तो अत्यंत संवेदनशील असल्याचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१० मध्ये लोकसभेला सांगितले होते.

जात वा प्रदेशाच्या नावे नवी रेजिमेंट नाही, हे स्वातंत्र्योत्तर धोरण आहे. मराठा, महार ही नावे त्यापूर्वीची. अहिरवालाला हा युक्तिवाद पटत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘१२० बहादूर’ हा चित्रपट आला, तेव्हाही येथील आक्षेप शत्रूच्या संख्येविषयी नव्हता. शीर्षकात ‘अहीर’ हा शब्द का नाही, असा होता.