पेंढ्याला खनिजांची जोड
वसईच्या पट्ट्यात भातकापणी आटोपली की जनावरांपुढे मुबलक पडतो तो पेंढा. परंतु ज्याने पोट भरते त्याने पोषण होतेच असे नाही, कारण त्यात प्रथिने शंभरात जेमतेम तीन-चार भाग, आणि त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून त्याचे शोषण रोखते. म्हणूनच दुभत्या म्हशीच्या आंबोणात पेंड-चुनीबरोबर रोज सुमारे 50 ग्रॅम खनिज मिश्रण घालावे, ही पशुवैद्यांची शिफारस माझ्या मते चैन नव्हे. फॉस्फरस, तांबे, जस्त यांची तूट दीर्घकाळ राहिल्यास जनावर वेळेवर माजावर येत नाही, भाकड काळ लांबतो आणि नुकसान गोठ्याच्या जमाखर्चात उमटते. मिठागरांच्या या मुलखात मीठ सहज मिळते, व ते आवश्यकही खरेच; पण त्यातून लाभतात ते मुख्यतः सोडियम आणि क्लोरीन. प्रथिनांसाठी निराळी तजवीज हवी: 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया सुमारे 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा, आणि ढीग हवाबंद झाकून 21 दिवसांची मुदत पाळावी. उघडल्यावर उग्र वास उडू द्यावा; सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा वर्ज्य, आणि कोरडा युरिया तर कोणत्याच जनावराच्या तोंडी लागता कामा नये.