आधी काय हललं?

मिरगीचा रुग्ण ओपीडीत आला की त्याच्यापेक्षा त्याच्यासोबत आलेल्या माणसाला मी जास्त प्रश्न विचारतो. झटक्यात रुग्णाला बहुधा शुद्ध नसते. पाहिलेलं असतं बायकोने, भावाने, नाहीतर बांधीत शेजारी रोवणी करणाऱ्या बाईने. आधी काय हललं? डावं की उजवं? मान कुठे वळली? बोलत होता का? बहुतेकदा उत्तर ठरलेलं असतं, "पडला अन् फेस आला जी." एवढ्यावर सोडायचं नाही. जे पाहिलं ते करून दाखवायला सांगायचं.

एटापल्ली तालुक्यातल्या तिशीच्या एका शेतकऱ्याच्या बायकोने ते करून दाखवलं. आधी उजवा अंगठा उडवला, मग मनगट, मग कोपर, मग तोंडाची उजवी कड ओढून धरली. "मंग बोलणं बंद होते. पण आपण बोललो ते समजते त्याले." नवरा पडत नव्हता, म्हणून घरच्यांच्या लेखी ही मिरगी नव्हतीच. पुजाऱ्याने बांधलेला दोरा त्याच अंगठ्याला होता. दोन पावसाळे असे गेले होते.

मेंदूच्या पृष्ठभागावर वरून खाली कोपर, मनगट, अंगठा, ओठ अशा जागा शेजारीशेजारी मांडलेल्या आहेत. उजव्या हाताची पट्टी डाव्या बाजूला, तिच्या खाली तोंडाची, आणि तिला लागूनच बहुतेकांची वाचा. झटका एका ठिकाणी पेटतो आणि शेजारी सरकत जातो, हे लंडनच्या ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकात रुग्णांकडे नुसतं बघून ओळखलं. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी रिकमन गॉडली या सर्जनने लंडनमध्ये एका तरुणाची कवटी उघडली, तेव्हा एक्स-रेचासुद्धा शोध लागलेला नव्हता. झटके चेहऱ्याच्या आणि हाताच्या कोणत्या भागात येतात यावरून डॉ. बेनेट यांनी जागा सांगितली आणि गाठ तिथेच निघाली. तो रुग्ण महिनाभरात जंतुसंसर्गाने गेला, पण जागेचं निदान अचूक होतं. एटापल्लीच्या त्या बाईने करून दाखवलं ते ह्याच तोलाचं होतं.

आमच्या भागात झटक्याची कारणं अनेक. ताप असेल तर पहिला संशय मलेरियाचा, कारण गडचिरोलीत फॅल्सिपेरम अजून मेंदूपर्यंत जातो. बाळंतपणात गुदमरलेली मुलं असतात, डोक्याला मार लागलेले असतात. स्कॅनमध्ये छोटं गोल कडं दिसलं की नातेवाईक गाठ समजून रडायला लागतात. पूर्वी अशा कड्यांवर ऑपरेशनही होई. वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिलं की त्यांतली बहुतेक पट्टकृमीच्या अळीची असतात आणि बरीचशी आपोआप विरतात. या सगळ्यांत ट्यूमर क्वचितच निघतो. पण मोठ्या माणसाला ताप नसताना झटके सुरू झाले आणि तेही नेहमी एकाच जागेवरून, तर तो आधी डोक्यात आणायचा.

एटापल्लीच्या त्या शेतकऱ्याचा एमआरआय चंद्रपूरला झाला. डाव्या बाजूला, हाताच्या पट्टीच्या पुढे, सावकाश वाढणारी गाठ होती. अशा सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमाच्या बहुतेक रुग्णांना झटके येतात आणि अनेकांत तेच पहिलं लक्षण असतं. डोकेदुखी नाही, उलटी नाही, हातात जोर शाबूत. लेव्हेटिरासेटॅम सुरू केल्यावर झटके कमी झाले, थांबले नाहीत.

नागपूरच्या सर्जनने ठरवलं की ऑपरेशन रुग्णाला जागं ठेवून करायचं. वाचेची जागा प्रत्येकाची थोडी वेगळी असते आणि ती बोलत्या माणसातच सापडते. प्रश्न आला भाषेचा. मराठी त्याला येत होती, पण घरात, शेतात, रागात आणि स्वप्नात तो माडियाच बोलत असणार. म्हणून आश्रमशाळेत शिकवणारा त्याचा मेहुणा थिएटरमध्ये उभा राहायचं ठरलं. चाचणीच्या चित्रांत पियानो होता, केक होता. ती काढून मोबाइलवर काढलेले फोटो घातले. विळा, कोंबडा, बैलगाडी, मोहाचं फूल, धनुष्य. आदल्या दिवशी वॉर्डात तालीम झाली आणि जिथे तो अडखळला ती चित्रं बाद केली.

डोकं तीन खिळ्यांच्या चिमट्यात स्थिर केलं होतं. टाळू इंजेक्शनांनी बधिर केली. हाड कापेपर्यंत त्याला गुंगीत ठेवलं, नंतर जागं केलं. मेंदूला स्वतःला वेदना नसते. तो उघड्यावर फिकट गुलाबी दिसतो आणि नाडीबरोबर वरखाली होतो. सर्जनने दोन टोकांची सळई त्याला टेकवली, दोन मिलिअँपिअरपासून सुरुवात. एका जागी अंगठा उडाला. तिथे आकड्याचं कागदी तिकीट ठेवलं. थोडं खाली, थोडा प्रवाह वाढवून, कोंबड्याचं चित्र समोर असताना त्याचा शब्द अर्ध्यावर तुटला. सळई उचलली, शब्द आला. पुन्हा टेकवली, पुन्हा तुटला. दुसरं तिकीट.

मग सळई दूर असतानाच मेहुणा ओरडला, "अंगठा!" पडद्याआडून हात त्यालाच दिसत होता. झटका सुरू झाला होता. परिचारिकेने बर्फात ठेवलेलं सलाईन पुढे केलं, सर्जनने ते सरळ मेंदूवर ओतलं आणि काही क्षणांत अंगठा शांत झाला. थंडीने पेटलेल्या पेशी विझतात. हा उपाय प्रत्येक अशा ऑपरेशनमध्ये हाताशी तयार ठेवलेला असतो.

गाठ आसपासच्या मेंदूपेक्षा किंचित फिकट, खरवसासारखी घट्टसर होती. ध्वनिकंपनांनी फोडून शोषणाऱ्या नळीने ती थोडी थोडी निघत होती आणि मेहुण्याचे प्रश्न अखंड चालू होते. कोणाचं शेत, किती बैल, यंदा तेंदूपत्त्याचे किती पुडे. दुसऱ्या तिकिटाजवळ उत्तरं रेंगाळू लागली. सर्जन थांबला. गाठीची एक पातळ कड त्याने जाणूनबुजून तिथेच ठेवली. मला विचाराल तर त्या दिवसातलं सर्वांत अवघड काम ते थांबणं होतं.

उजवा हात काही आठवडे जड होता, व्यायामाने सुधारला. तपासणीत ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा निघाला, म्हणजे ठरलेल्या अंतराने एमआरआय करत राहणं आलं. झटके ऑपरेशननंतर आलेले नाहीत, गोळी चालू आहे. सावकाश वाढणाऱ्या अशा गाठींत ऑपरेशननंतर साधारण तीनापैकी दोघांचे झटके थांबतात. गाठ जितकी जास्त निघेल आणि झटके जितक्या कमी काळाचे असतील तितकी शक्यता चांगली. त्या दोन पावसाळ्यांचं मला वाईट वाटतं ते म्हणून.

झटक्याची इतर किंमत इथे घराघरात दिसते. हेमलकशाला १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला, तिथल्या अगदी सुरुवातीच्या रुग्णांत मिरगी येऊन विस्तवात पडून भाजलेला एक जण होता. शेकोटी, विहीर, तलाव ही आजही धोक्याची ठिकाणं आहेत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं. म्हणून तिकडच्या रुग्णाला पावसाळ्याआधीच पुढच्या गोळ्या द्याव्या लागतात, कारण गोळी एकदम बंद झाली तर झटक्यामागून झटका येऊन माणूस दगावू शकतो.

तुमच्यासमोर कोणाला झटका आला तर त्याला विस्तवापासून, पाण्यापासून दूर घ्या, कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा कांदा घालू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करा. हाताशी दुसरा माणूस असेल तर त्याला मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगा, पहिल्या क्षणापासून. आणि मोठ्या वयात पहिल्यांदाच झटका आला असेल तर एकदा तरी मेंदूचा स्कॅन करून घ्या. खर्चाला घाबरून थांबू नका. आज महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणतात ती जुलै २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत गडचिरोली होता, आणि मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन तीत बसतं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत घ्या, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, आणि ज्याने झटका डोळ्यांनी पाहिला त्या माणसाला बरोबर न्या.