छत्तीस दिवसांत काय बदललं?

११ ऑगस्ट २०२० रोजी अमेरिकेतल्या ‘बिग टेन’ या विद्यापीठांच्या क्रीडागटाने जाहीर केलं, की यंदाच्या शरदात फुटबॉल होणार नाही. नावात दहा असले तरी या गटात तेव्हा १४ विद्यापीठं होती आणि कुलगुरूंचं मतदान झालं होतं ११ विरुद्ध ३. १६ सप्टेंबरला त्याच कुलगुरूंनी एकमताने ठरवलं, की फुटबॉल होणार. मधल्या ३६ दिवसांत लस आली नव्हती, साथही ओसरली नव्हती. २३ ऑक्टोबरला विस्कॉन्सिन आणि इलिनॉय यांच्या सामन्याने गटाचा हंगाम सुरू झाला, त्याच दिवशी अमेरिकेत करोनाचे ८० हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. तोवरचा तो उच्चांक होता. मग बदललं काय?

इथे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळायचा अमेरिकी फुटबॉल. प्रत्येक चालीला दोन्ही बाजूंचे लाइनमन एकमेकांवर तुटून पडतात. सव्वाशे-दीडशे किलोचे देह, कबड्डीतल्या सांघिक पकडीसारखी घुसळण आणि समोरच्याचा धापा टाकणारा श्वास थेट तोंडावर. एका सामन्यात अशा शंभरावर चाली होतात. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. टीव्ही हक्कांतून येणाऱ्या पैशावर त्याच विद्यापीठांचे पोहण्याचे, टेनिसचे, कुस्तीचे संघ पोसले जातात. खेळाडूंना मात्र तेव्हा पगार नव्हता, शिष्यवृत्ती होती. साथीचं गणित मांडताना हा शेवटचा तपशील बाजूला ठेवता येत नाही.

ऑगस्टमध्ये कुलगुरूंना धास्ती वाटली ती फुप्फुसांपेक्षा हृदयाची. विषाणूसंसर्गानंतर कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. डॉक्टर तिला मायोकार्डायटिस म्हणतात. बहुतेकांना ती कळतही नाही आणि आपोआप उतरते. पण सूज असताना जिवापाड व्यायाम केला तर हृदयाच्या विद्युतलयीत बिघाड होऊन खेळाडू मैदानातच कोसळू शकतो. म्हणून करोनाच्या आधीपासूनच क्रीडावैद्यकाचा नियम होता: मायोकार्डायटिस झालेल्याने तीन ते सहा महिने खेळायचं नाही. त्यातच जुलैमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा एक अभ्यास आला. करोनातून बऱ्या झालेल्या १०० जणांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काही ना काही बदल दिसले होते. त्या शोधनिबंधातल्या आकडेमोडीच्या चुका पुढे दुरुस्त कराव्या लागल्या, पण तोवर ७८ हा आकडा सगळीकडे पोचला होता.

११ सप्टेंबरला, निर्णय फिरण्याच्या पाच दिवस आधी, खुद्द बिग टेनमधल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा निबंध प्रसिद्ध झाला. करोना होऊन गेलेले २६ खेळाडू तपासले, चौघांच्या एमआरआयमध्ये मायोकार्डायटिसच्या खुणा. म्हणजे १५ टक्के. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण २६ पैकी ४ या आकड्यावरून खरं प्रमाण साधारण ५ ते ३५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं, एवढंच संख्याशास्त्र सांगतं. शिवाय वर्षानुवर्षं कसून मेहनत करणाऱ्या खेळाडूचं हृदय मुळात वेगळं असतं. भिंत जाड होते, कप्पे मोठे होतात, काहींच्या स्नायूत व्यायामामुळेच बारीक व्रण दिसतात. करोना न झालेल्या अशाच खेळाडूंचे एमआरआय शेजारी ठेवल्याशिवाय कुठली खूण विषाणूची आणि कुठली सरावाची, हे कसं ठरवणार?

पुढे मोठे आकडे आले. व्यावसायिक लीगमधल्या ७८९ बाधित खेळाडूंत हृदयाची दाहक व्याधी पाच जणांना आढळली, म्हणजे ०.६ टक्के. ४२ महाविद्यालयांच्या ३,०१८ बाधितांत हृदयावर परिणाम झालेले किंवा तशी शक्यता असलेले २१, म्हणजे ०.७ टक्के. बिग टेनच्या नोंदीत १,५९७ बाधितांपैकी ३७, म्हणजे २.३ टक्के. हा तिपटीहून मोठा फरक विषाणूने केलेला नाही, तपासणीच्या पद्धतीने केलेला आहे. पहिल्या दोन ठिकाणी बहुतेकांच्या प्राथमिक चाचण्या झाल्या आणि त्यांत शंका आली तरच एमआरआय. बिग टेनने एमआरआय सरसकट केला. नुसती हृदयाची लक्षणं पाहिली असती तर त्या ३७ पैकी जेमतेम पाच सापडले असते. सापडलेल्यांपैकी २७ जणांचा पुन्हा एमआरआय झाला. सूज सगळ्यांची उतरली होती. ११ जणांचे व्रण नाहीसे झाले होते, १६ जणांचे टिकून होते.

एवढ्यावरून ऑगस्टमधले कुलगुरू घाबरट होते असा निष्कर्ष काही क्रीडा समालोचकांनी काढला. मला तो पटत नाही. निर्णय त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवर तोलायचा असतो. नऊ महिन्यांनी आलेल्या आकड्याने तो बरोबर किंवा चूक ठरत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. सगळी चर्चा मैदानावरच्या झटापटीभोवती फिरत राहिली आणि विषाणू वावरत होता दुसरीकडे. इंग्लंडच्या रग्बी सुपर लीगमध्ये चार सामन्यांत आठ बाधित खेळाडू नकळत खेळून गेले. संशोधकांनी सामन्यांची चित्रफीत आणि अंगावरच्या जीपीएसच्या नोंदी तपासून त्यांच्या अगदी जवळ आलेले २८ खेळाडू शोधले. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांच्यापैकी एकच बाधित निघाला, आणि त्याचा धागाही मैदानाबाहेरच्या संपर्काकडे जात होता. उघड्यावर श्वासातले सूक्ष्म थेंब वाऱ्याने पांगतात, आणि टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडण्याची झटापट, काही सेकंदांत संपते. एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये साधारण ११,४०० खेळाडू आणि कर्मचाऱ्यांच्या ६ लाखांहून अधिक आरटी-पीसीआर चाचण्या केल्या. ३२९ बाधित निघाले. त्यांच्या संपर्कांचा माग काढताना दोष दिसला तो एकत्र जेवणाचा, एकाच गाडीतून जाण्याचा, बंद खोलीतल्या बैठकांचा. दिवसभरात पंधरा मिनिटांपेक्षा कमी संपर्क आलेल्यांनाही बाधा झाली होती, म्हणून लीगने निव्वळ घड्याळ सोडून हवा खेळती होती का, मास्क होते का, हे विचारायला सुरुवात केली.

आता सप्टेंबरकडे येऊ. कुलगुरूंनी मत बदलण्यामागे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांचा फोन होता, नेब्रास्काच्या खेळाडूंचा ऑगस्टच्या निर्णयाविरुद्धचा खटला होता, दक्षिणेतले गट खेळणारच असल्याने बुडणारा पैसा होता. वैज्ञानिक कारण एकच, पण खरं: काही मिनिटांत उत्तर देणारी अँटिजेन चाचणी रोज करणं शक्य झालं. ही चाचणी पीसीआरइतकी बारीक नाही, थोडे विषाणू तिच्या नजरेतून सुटतात. पण रोज केली तर आजचा सुटलेला उद्या सापडतो. बिग टेनने मर्यादाही आखल्या. संघातल्या चाचण्यांत बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांवर आणि संघाच्या वर्तुळातल्या एकूण माणसांत ७.५ टक्क्यांवर गेलं, तर सात दिवस खेळ बंद. बाधित खेळाडू किमान २१ दिवस बाहेर.

चाचणीची दुसरी बाजू दक्षिणेतल्या अलाबामा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी अनुभवली. १४ ऑक्टोबरला ते बाधित निघाले, पण नंतरच्या लागोपाठच्या चाचण्यांत विषाणू नव्हता. १७ तारखेला जॉर्जियाविरुद्ध ते मैदानाच्या कडेला उभे होते. यात गौडबंगाल काही नाही. समजा हजारात एकालाच संसर्ग आहे आणि चाचणी निरोगी माणसाला ९९.५ टक्के वेळा निरोगीच ठरवते. तरी हजार चाचण्यांत खरा बाधित एक आणि खोटे बाधित पाच निघतील. नोव्हेंबरअखेर सेबन यांना खरोखरच करोना झाला आणि ऑबर्नविरुद्धचा सामना त्यांनी घरून पाहिला.

आणि रोजच्या चाचण्या असूनही विस्कॉन्सिनचा तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, पहिल्याच सामन्यात अफलातून खेळला आणि लगेच बाधित निघाला. संघाचे पुढचे दोन सामने रद्द झाले. चाचणी संसर्ग शोधते, थांबवत नाही. फ्लोरिडा विद्यापीठाचे तेव्हाचे प्रशिक्षक डॅन मुलन यांचं प्रकरण तर विनोदी म्हणावं असं, खेळाडू आजारी नसते तर. १० ऑक्टोबरला टेक्सास ए अँड एमकडून हरल्यावर त्यांनी आपल्या स्टेडियमात ९० हजार प्रेक्षक हवेत अशी मागणी केली. आठवडाभरात त्यांचे वीसहून अधिक खेळाडू बाधित, पुढचा सामना डिसेंबरवर ढकललेला, आणि मुलन स्वतः विलगीकरणात. हंगामात देशभर शंभराहून अधिक सामने रद्द झाले किंवा पुढे गेले.

खेळण्याच्या बाजूचा सर्वांत दमदार मुद्दा क्लेमसन विद्यापीठाचा खेळाडू ट्रेव्हर लॉरेन्स याने मांडला होता: आम्हाला घरी पाठवलंत तर आम्ही जास्त सुरक्षित होऊ असं कशावरून? तुलना ‘खेळ विरुद्ध शून्य धोका’ अशी नाही, ‘खेळ विरुद्ध खेळाविना जगणं’ अशी करायला हवी, हे साथरोगतज्ज्ञालाही मान्य व्हावं. (ऑक्टोबरअखेर लॉरेन्स स्वतः बाधित झाला, पण त्याने मुद्दा खोटा पडत नाही.) पण मग एनबीएसारखं बास्केटबॉलपटूंना ऑरलँडोत किंवा आयपीएलसारखं क्रिकेटपटूंना अमिरातीत कोंडून ठेवण्याची सोय हवी. विद्यार्थ्याला तसं कोंडता येत नाही. त्याला वसतिगृह असतं, वर्ग असतो, रूममेट असतो. त्याला तसं कोंडायचं तर तो नोकरदार आहे असं कबूल करावं लागेल, आणि ते तर विद्यापीठांना नकोच होतं. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या संघांतले खेळाडू आरोग्याच्या हमीबरोबर उत्पन्नात वाटा मागत होते, ते उगाच नाही.

म्हणून मला त्या हंगामातली सगळ्यात शिकण्याजोगी गोष्ट स्टेडियमात नाही, इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दिसते. त्यांनी स्वतःची लाळेची चाचणी तयार केली आणि खेळाडूंपुरती न ठेवता सगळ्यांनाच आठवड्यातून दोनदा बंधनकारक केली. भौतिकशास्त्रज्ञांनी केलेल्या गणिती प्रतिकृतीनुसार साथ आटोक्यात राहायला हवी होती. ऑगस्टअखेर रुग्ण भराभर वाढले. बाधित असल्याचं कळल्यावरही काही विद्यार्थी पार्टीला गेले होते आणि प्रतिकृतीत तसा माणूस धरलेलाच नव्हता. विद्यापीठाने काही काळ बाहेर फिरण्यावर निर्बंध आणले, नियम मोडणाऱ्यांना निलंबित केलं, निकाल लवकर कळवण्याची व्यवस्था केली. सप्टेंबरमध्ये आकडे खाली आले. गटातल्या इतर अनेक विद्यापीठांत मात्र फुटबॉलपटूची रोज चाचणी व्हायची आणि त्याच्या शेजारच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची, लक्षणं दिसली तरच.